एकदम शिंकणारी झाडे

खानापूर तालुक्यातील आमच्या गावी घरामागे मोठे परडे आहे. आज तिथे हापूसची कलमे उभी आहेत. परंतु माझ्या लहानपणी तिथे रायवळ आंब्याची १४ झाडे होती. ती कुणी लावली हे कुणालाच ठाऊक नव्हते. पणजोबांच्या काळात कुणीतरी आंबा चोखून कोय भिरकावली असेल आणि ती रुजली असेल, एवढाच त्यांचा इतिहास. पण प्रत्येक झाडाला नाव होते. विहिरीजवळचा शेप्या, त्याच्या फळाला शेपूच्या भाजीसारखा वास येई. गोठ्यालगतचा शेंदऱ्या, देठापाशी शेंदूर फासल्यासारखा. त्याशिवाय खोबऱ्या, साखऱ्या, केळ्या, गोट्या आणि अगदी कुंपणाला टेकून उभा असलेला आमट्या. हा आमट्या पिकला तरी आंबटच. आम्ही मुले त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसू. आईचा जीव मात्र त्याच्यावर. लोणच्याची फोड वर्षभर करकरीत राहावी तर ती आमट्याचीच, असे ती म्हणे.

१९९६ साली मी ती १४ झाडे तोडली.

'मी तोडली' असे म्हणतो याला कारण आहे. कुऱ्हाड दुसऱ्यांनी चालवली, लाकूड वखारवाल्याने नेले. पण बेत माझा होता. नुकताच मी हायस्कुलात कायम झालो होतो. शिकलेला मुलगा म्हणून घरात माझ्या शब्दाला वजन आले होते. रायवळ आंब्याला बाजारात कोण विचारतो? हापूस लावला तर डझनावर पैसे मिळतील, हा माझा हिशेब. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू शिकलेला हाईस. तुला बरं दिसंल तसं कर." होकार आणि नकार यांच्या मधोमध उभे असलेले हे वाक्य मी होकार म्हणून घेतले. पावसाळ्याच्या तोंडी ४० कलमे आणून लावली. आईने त्या वर्षी लोणचे घातले नाही. मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

कलमे चांगली लागली. सातव्या-आठव्या वर्षी फळ धरू लागली. पाहुण्यांना बाग दाखवताना माझी छाती फुगत असे. सगळी झाडे एका उंचीची, एका घेराची. कवायतीला उभी केलेली मुलेच जणू. मग आले २००७ साल. झाडे मोहराने लवली होती आणि ऐन पौषात चार दिवस आभाळ आले. बारीक पाऊस झाला. तुडतुडे आले, पाठोपाठ भुरी. आठवडाभरात ४० च्या ४० झाडांचा मोहर काळा पडून गळाला. आमच्या शेजाऱ्यांकडे जुनी रायवळ झाडे होती. त्यांतील काहींचा मोहर गेला, काहींना तो अजून यायचा होता, तर एकदोन झाडांवर तोवर कैऱ्या धरल्या होत्या. त्यांच्या घरी त्या वर्षीही आंबा पिकला.

अण्णा बांधावर उभे राहून आमच्या बागेकडे पाहत होते. म्हणाले, "तुजी झाडं समदी एकदम शिंकत्यात बग. एकाला पडसं झालं की समद्यांना."

मी हसलो. म्हाताऱ्या माणसाचा विनोद, इतकेच त्या वेळी वाटले. २०१० साली अण्णा गेले. त्या वाक्याचा अर्थ मला कळला तो त्यानंतर १३ वर्षांनी आणि तोही आपल्या मुलखात नव्हे. ऑस्ट्रेलियात, एका झाडापुढे उभा असताना.

माझी मुलगी आणि जावई सिडनीला असतात. २०२३ च्या मे महिन्यात शाळेला सुटी लागल्यावर आम्ही उभयता तिकडे गेलो. आपल्याकडे अंगाची लाही होत असताना तिकडे पानगळ चालू होती. एका रविवारी मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला डायनासोरच्या काळातलं झाड दाखवते," आणि आम्हाला ब्लू माउंटन्स नावाच्या डोंगराळ भागातील माउंट टोमाच्या वनस्पती उद्यानात घेऊन गेली. थंडी चांगलीच होती. स्वेटरवर शाल घेतलेला एक मास्तर तिथल्या लोकांनी बहुधा प्रथमच पाहिला असावा.

झाडाचे नाव वॉलेमाय पाइन. नाव पाइन असले तरी ते आपल्या हिमालयातील चीडसारखे खरे पाइन नव्हे. ते आरौकेरिया कुळातले. बेळगावच्या कँप भागातल्या जुन्या बंगल्यांपुढे मजल्यामजल्यांनी फांद्या फुटलेले जे उंच झाड दिसते आणि ज्याला आपण सरसकट 'ख्रिसमस ट्री' म्हणतो, ते याच्या भावकीतले. वॉलेमायची पाने नेच्याच्या पानांसारखी दिसतात आणि साल तर विलक्षणच. गुऱ्हाळावर काकवी खदखदताना तिच्यावर बुडबुडे येतात. तसेच्या तसे ते थिजावेत तशी ती तपकिरी साल. मी हळूच हात लावून पाहिला. शेजारच्या फलकावर त्या झाडाची कथा लिहिली होती. मुलगी वाचून सांगत गेली आणि उरलेले मी नंतर मिळेल तिथून वाचून काढले.

कथा अशी. सिडनीच्या वायव्येस वॉलेमाय नावाचे सुमारे ५ लाख हेक्टरांचे राष्ट्रीय उद्यान आहे. सगळा मुलूख वालुकाश्माच्या खोल घळींनी चिरलेला. १९९४ च्या सप्टेंबरात डेव्हिड नोबल नावाचा, त्याच उद्यानखात्यात काम करणारा तरुण दोर लावून अशा एका घळीत उतरला. तळाशी त्याला पूर्वी कधी न पाहिलेली उंच झाडे दिसली. खाली पडलेली एक डहाळी त्याने बरोबर आणली. ती पाहून जाणकारांना आधी तो नेचाच वाटला. मग उलगडा झाला की ही नुसती नवी जात नव्हे, तर नवी प्रजातीच आहे आणि तिच्याशी जुळणारे अवशेष कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दगडांत सापडतात. १९९५ साली तिचे शास्त्रीय नामकरण झाले : वॉलेमिया नोबिलिस. नोबिलिस म्हणजे उदात्त; आणि त्या तरुणाचे आडनावही नोबल! वॉलेमाय हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द. 'डोळे उघडे ठेवून आजूबाजूला पाहा' असा त्याचा अर्थ सांगतात.

रानात सापडलेली मोठी झाडे १०० पेक्षाही कमी. सगळी त्याच घळींच्या परिसरात, लहान लहान घोळक्यांनी उभी. त्यातही मोजणीची पंचाईत; कारण हे झाड आपल्या बुंध्यापासूनच नवनवे फुटवे काढते. वरून पाहावे तर पाच खोड, खाली पाहावे तर मूळ एकच. म्हणजे माणसाने कलम करायच्या आधीपासून हे झाड स्वतःच स्वतःच्या नकला काढत आले आहे.

अशी दुर्मीळ चीज सापडल्यावर लोक ती पाहायला धावणार, फांद्या तोडून नेणार. म्हणून तिथल्या सरकारने दोन गोष्टी केल्या. घळीचा ठावठिकाणा गुप्त ठेवला, आणि झाडाची रोपे इतकी करायची की चोरून नेण्याची कुणाला गरजच उरू नये असे ठरवले. फांद्यांचे छाट लावून रोपे केली गेली. २००५ च्या ऑक्टोबरात पहिल्या २९२ रोपांचा सिडनीत लिलाव झाला. त्यातून १० लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली. पुढच्या वर्षापासून रोपे सर्वांसाठी विक्रीला आली. आज जगभरच्या बागांत, कुणाकुणाच्या अंगणात, कुंडीतसुद्धा वॉलेमाय उभे आहे.

हे ऐकून मी मुलीला म्हटले, "चला, झाड वाचले म्हणायचे."

"बाबा, पुढचं वाचा ना," ती म्हणाली.

पुढचे असे होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वॉलेमायच्या रानातील झाडांची जनुके तपासली होती. शेकडो ठिकाणी शोधूनही एका झाडात आणि दुसऱ्यात फरक म्हणून सापडेना. पुढे तपासण्याच्या पद्धती अधिक सूक्ष्म झाल्या तेव्हा थोडे फरक हाती लागले; पण ते फारच थोडे. सगळी झाडे जवळपास एकाच साच्यातली. जुन्या काळी हे झाड दूरवर पसरलेले होते. हवामान कोरडे होत गेले, अरण्ये आटली, हे झाड एकेका घळीत मागे हटत गेले. वस्ती लहान झाली की नुसत्या योगायोगानेही एकेक जनुक गळून जाते. चार घरांच्या वाडीत एखाद्या आडनावाचा शेवटचा माणूस गेला की ते आडनाव संपते, तसेच हे. याची संपूर्ण जनुकसंहिता २०२३ मध्ये उलगडली गेली. ती निघाली सुमारे १२ अब्ज अक्षरांची, माणसाच्या चौपट. पोथी एवढी थोरली. पण सगळ्या प्रती जवळजवळ एकसारख्या.

मी एम. ए. केले ते मराठी घेऊन. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीपुरता. परत आल्यावर आमच्या शाळेतील विज्ञानाच्या बाईंना मी विचारले, "बाई, जनुके सारखी असली तर बिघडले कुठे? झाड चांगले असले म्हणजे झाले." त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या हापूसचंच घ्या ना." आणि त्यांनी फळ्यावर समजावून सांगितले.

बियाण्यापासून झाड होते तेव्हा त्यात आईचे अर्धे आणि बापाचे अर्धे येते. ते अर्धेही दरवेळी नव्याने पिसलेले. म्हणून रायवळ आंब्याच्या एका झाडाच्या दहा कोया पुरल्या तर दहा तऱ्हेची झाडे उगवतात. कलमाचे तसे नाही. कलमात आपण हापूसची काडी घेतो आणि दुसऱ्या रोपावर चढवतो. वरचे झाड म्हणजे त्याच हापूसचा तुकडा. रत्नागिरीपासून धारवाडापर्यंत जिथे जिथे हापूसचे कलम आहे तिथे तिथे एकाच जुन्या झाडाची फांदी वाढते आहे, असे म्हटले तरी चालेल. कलमी झाड हे मूळ झाडाचे लेकरू नव्हे. ते मूळ झाडच, दुसऱ्या जागी उभे केलेले. इंग्रजीत ज्याला क्लोन म्हणतात ते आपल्या परड्यात कधीचे आहे. आपण त्याला कलम म्हणतो.

गुण हवा तो हुकमी मिळतो, हा कलमाचा फायदा. आणि दोषही हुकमी मिळतो, हा तोटा. एका झाडाला जो रोग लागेल तो सगळ्यांना लागेल. त्यातून एखादे तग धरेल ही आशाच नाही. कारण 'एखादे' असे तिथे कुणी नाहीच.

आयर्लंडमध्ये नेमके हेच घडले. बटाटा बियांपासून नव्हे, बटाट्याच्याच तुकड्यांपासून लावतात. म्हणजे तोही क्लोनच. एकोणिसाव्या शतकात तिथली गरीब माणसे 'लंपर' नावाच्या एकाच जातीच्या बटाट्यावर जगत होती. १८४५ मध्ये करपा आला आणि पिकामागून पीक कुजले. त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसे मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्या रोगजंतूचे कुलनाम फायटॉप्थोरा. आपल्याकडे पावसाळ्यात सुपारीच्या बागांवर कोळेरोग येतो. कोकणात, गोव्यात, कारवारकडे ज्यांच्या बागा आहेत त्यांना त्याची धास्ती सांगायला नको. तोही याच फायटॉप्थोरा कुळातला. आणि २००५ साली वॉलेमायच्या गुप्त घळीत झाडांच्या मुळांशी जो रोग सापडला, तोही फायटॉप्थोराच! कुणीतरी चोरवाटेने झाडे बघायला गेले असावे आणि बुटाला लागलेल्या मातीतून तो आत गेला असावा, असा तिथल्या अधिकाऱ्यांचा कयास होता. तेव्हापासून कामासाठी जाणाऱ्यांनाही बूट जंतुनाशकाने धुतल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही.

माउंट टोमाच्या थंडीत हे वाचत असताना माझ्या कानांत अण्णांचे वाक्य वाजले. एकाला पडसे झाले की सगळ्यांना. बांधावर उभे राहून, शाळेची दोन-चारच इयत्ता शिकलेल्या माणसाने, जनुकशास्त्राचा हा धडा मला १६ वर्षे आधीच सांगून ठेवला होता. मी त्याला विनोद समजलो.

तर मग अशा झाडाला वाचवायचे कसे? छाटांपासून लाखो रोपे केली तरी ती एकाच झाडाच्या नकला असतील तर जात वाचली असे म्हणता येईल का? या प्रश्नाने मला नंतर पुष्कळ दिवस घेरले आणि त्याचे उत्तर त्या लोकांनी ज्या रीतीने काढले आहे ते मला फार आवडले.

२०१९ च्या अखेरीस वॉलेमायच्या रानाला भीषण वणवा लागला. ५ लाख हेक्टरांहून अधिक जंगल त्या एका वणव्यात जळाले. तेव्हा अग्निशमन दलाची माणसे हेलिकॉप्टरमधून दोराने त्या घळीत उतरली. झाडांना पाणी देण्यासाठी त्यांनी नळ्या आणि पंप बसवले, तर विमानांतून घळीभोवती आगरोधक द्रव्य टाकण्यात आले. काही झाडे होरपळली, पण रान वाचले. जानेवारी २०२० मध्ये ही बातमी बाहेर आली तेव्हा साऱ्या देशाने सुस्कारा सोडला. पण सगळी झाडे एका ठिकाणी असली की काय होऊ शकते, ते सर्वांनी पाहिले होते. त्याच्या आधीपासूनच त्या लोकांनी रानातच निवडक सुरक्षित जागी वॉलेमायची रोपे लावायला सुरुवात केली होती. आगीपासून, रोगापासून जात वाचावी म्हणून काढलेला हा विमाच म्हणायचा.

यात कौशल्य आहे ते रोपे निवडण्याचे. रोपवाटिकेच्या धंद्यात काय होते हे मी पाहिले आहे. ज्या झाडाची काडी सहज लागते तिचीच कलमे भराभर होतात. ज्याची काडी रुसते, शंभरात दहाच धरते, ते झाड हळूहळू वहीतून गळते. मालकाच्या मनात वाईट काही नसते. सोपे ते पुढे सरकते, एवढेच. जात जतन करणाऱ्याला मात्र नेमके उलटे वागावे लागते. रानातील प्रत्येक झाडाची नोंद ठेवायची. छाट कोणत्या झाडाचा ते रोपाच्या पाटीवर लिहायचे. ज्याचे छाट लागत नाहीत त्याच्यासाठी जास्त खपायचे. आणि लावताना निरनिराळ्या मातृवृक्षांची रोपे एकमेकांत मिसळून लावायची, म्हणजे पुढे कधी त्यांच्यात परागसिंचन होऊन बी धरले तर त्यात थोडी तरी नवी पिसणी होईल. फरक मुळात इतके थोडे. म्हणून तर एकही गमावून चालणार नाही. २०२३ सालीच सिडनीच्या वनस्पती उद्यानाने जनुकांनी एकमेकांपासून वेगळी अशी निवडक रोपे वाढवून शंभरावर संख्येने इंग्लंडला पाठवली. तिथून ती युरोपातील निरनिराळ्या बागांत वाटण्यात आली. एका बागेत सारे नव्हे. साऱ्या बागा मिळून एक जंगल, अशी ती कल्पना.

मुख्याध्यापकाला हे वाचून आपली हजेरीपटाची वही आठवावी यात नवल नाही. नुसता पट किती हे मोजणे निराळे, आणि पटावर कोण कोण आहे हे ओळखणे निराळे.

आणखी एक गंमत विज्ञानाच्या बाईंनी सांगितली. आरौकेरिया कुळातल्या झाडांची आडवी फांदी छाटून लावली तर रोप जगते, पण आडवेच वाढत राहते. सरळ वाढणारे झाड हवे असेल तर सरळ वाढणारा कोंबच घ्यावा लागतो. दोन्हींची जनुके तीच, पण फांदीला आपली पूर्वीची जागा आठवते म्हणा ना! क्लोनमध्येही फरक पडतो तो असा. जमीन, पाणी, ऊन, आणि ती काडी झाडाच्या कोणत्या भागातली यांचा तो फरक. पण तो त्या झाडापुरताच. बियांतून पुढच्या पिढीकडे जात नाही. जनुकांत खरोखरीचा बदलही क्वचित एखाद्या फांदीत होतो. आपल्या शेजारच्या तासगाव भागात थॉमसन द्राक्षाच्या बागेतील अशाच एका वेगळ्या निघालेल्या वेलीतून 'तास-ए-गणेश' ही जात आली. एका शेतकऱ्याचे लक्ष त्या वेलीकडे गेले म्हणून. आपल्या बागेचा एकसारखेपणा ज्याला फार प्रिय असेल, त्याने ती उपटून टाकली असती.

इथे मला थोडे थांबून माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. आंब्यांबद्दल नाही, निबंधाच्या वह्यांबद्दल.

आमच्या सीमाभागातील मुलांची मराठी वाचकांना सांगायला नको. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, शाळेच्या दाखल्यावर तिसरी. या साऱ्यांतून गाळून आलेली आमच्या पोरांची बोली स्वतःच्या चवीची आहे. शेपूचा वास असलेली म्हणा हवे तर. मी नवीन शिक्षक असताना आठवीतल्या एका मुलाने 'उन्हाळ्याची सुटी' या निबंधात लिहिले होते : "सकाळी उठून बगितलं तर आजी आंबं येचायली." मी ते लाल शाईने खोडले आणि वर लिहिले : 'सकाळी उठून पाहतो तो आजी आंबे वेचत होती.' वाक्य शुद्ध झाले. मुलगा मात्र नंतर वर्षभर निबंधात आजीविषयी काही लिहीना. पावसावर लिहिले, गायीवर लिहिले, सगळे मार्गदर्शकातून उतरवून. एकही चूक नाही, आणि एकही आजी नाही.

प्रमाणभाषा शिकवू नये असे माझे म्हणणे नाही. ती शिकवलीच पाहिजे. आपल्या भागात तर ती शिकवण्यासाठी पिढ्या झगडल्या आहेत. हापूस वाईट आहे असे कुठे कोण म्हणतो? पण कलम करणाऱ्या माळ्याला एक गोष्ट ठाऊक असते, जी मला ३० वर्षे मास्तरकी करूनही कळली नव्हती. हापूसची काडी आपण चढवतो ती कशावर? रायवळाच्या रोपावर. कोय कलम करताना कोय रायवळाचीच घेतात. जमिनीत खोल जाणारी, दुष्काळात टिकणारी मुळे त्याची. वर मिरवणारे फळ हापूसचे. रायवळच संपले तर उद्या हापूसही कशावर उभा राहणार? मी मुलांच्या बोलीवर प्रमाणभाषेची काडी चढवत नव्हतो. मी खालचे रोपच उपटत होतो.

त्या मुलाचे पुढे बरे झाले. तो आता कोल्हापुरात असतो. दोन वर्षांपूर्वी भेटला तेव्हा मी त्या वाक्याची आठवण काढली. त्याला ते आठवत नव्हते. मला आठवते आहे, हे त्याला विचित्र वाटले असावे. लाल शाई ज्याने वापरली त्याच्याच हाताला ती अधिक दिवस लागून राहते की काय, कोण जाणे.

सिडनीहून परतल्यावर पहिल्याच पावसात मी गावी गेलो. मध्यंतरी एका कृषी अधिकाऱ्यानेही सांगितले होते की, बागेत नुसता हापूसच असला तर फळ कमी धरते. दहात एखादे झाड दुसऱ्या जातीचे हवे. तेव्हा मी ते कानाआड केले होते. शेजाऱ्यांच्या वाड्यातील रायवळ झाडांपैकी आता चारच उरली आहेत. त्यांच्या कोया मी मागून घेतल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सर, ह्या आंब्याचं लावून काय करताय? चांगलं कलम आणा की." त्यांना काय सांगू? २७ वर्षांपूर्वी हेच वाक्य मी अण्णांना ऐकवले होते.

आमचा आमट्या काही मला परत मिळणार नाही. रायवळ झाडाची दुसरी प्रत नसते; ते गेले की गेले. तेव्हा माझ्याजवळ थोडी अक्कल असती तर तोडण्यापूर्वी प्रत्येक झाडाच्या दोन काड्या घेऊन कलमे बांधली असती, पाट्या लावल्या असत्या. वॉलेमायसाठी त्या लोकांनी जे केले तेच. म्हणजे कलमाचा काही दोष नव्हता. ज्या हुन्नराने ४० हापूस उभे केले, त्याच हुन्नराने माझे १४ रायवळही वाचले असते. कलम कशाचे करायचे, एकाचे की साऱ्यांचे, एवढाच काय तो प्रश्न होता आणि तो मी स्वतःला विचारला नाही.

कोया लावल्या त्या दिवशी आई ओसरीवर बसून बघत होती. तिचे वय आता ८० च्या पुढे. मी हात धुऊन आलो तेव्हा म्हणाली, "आमट्याच्या जागी लावलास न्हवं एक?" मी म्हटले, "लावलाय. पण तो आमट्या असणार नाही, आई. कसला निघेल काही सांगता येत नाही."

"निघू दे की," ती म्हणाली. "कसला बी निघू दे. आधी येऊ तर दे."

कोयींतून नऊ रोपे उगवली. एक गुरांनी खाल्ले, आठ आहेत. या पावसाळ्यात ती माझ्या कमरेपर्यंत आली. कोवळी पालवी एकाची तांबूस आहे, एकाची पोपटी, एकाची जवळजवळ जांभळी. फळ धरायला अजून काही वर्षे जातील. तोवर मी सेवानिवृत्त झालेला असेन. त्यांना अजून नावे ठेवलेली नाहीत. ती फळ चाखल्यावर ठेवायची असतात.